वहिनीचा माईक आणि माझी शिरोरेषा

माझ्या वहिनीचा आवाज आमच्या घरात तिच्या आधी आला. बस डेपोच्या भोंग्यातून तो गल्लीपर्यंत ऐकू यायचा. "धरणाकडे जाणारी गाडी दुसऱ्या फलाटावर लागत आहे," एवढंच साधं वाक्य, पण ती म्हणाली की वाटायचं, धरणावर आपलं काहीतरी काम आहेच. माझा दादा असाच फसला. त्याचा कारखाना घराच्या मागच्या बाजूला, बसशी त्याचा संबंध नाही, तरी हा रोज संध्याकाळी डेपोत. शेवटी आईने विचारलं, "तू तिकीट काढायला जातोस की लग्न ठरवायला?" दादा लाजला आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं.

लग्नानंतर आम्हाला कळलं की वहिनी वाचत नाही. शाळा तिने पूर्ण केली होती, तोंडी परीक्षांच्या जोरावर, अगदी काठावर. पण कागद समोर आला की अक्षरं तिच्याशी सरळ वागत नसत. भ चा म व्हायचा, खालची ओळ वरच्या ओळीत घुसायची. शाळेत सगळे तिला ढ म्हणायचे आणि ती स्वतःही हसत हसत तेच म्हणायची. आपण आधी हसलं की दुसऱ्याला हसायला काही उरत नाही, असं तिचं धोरण होतं.

मग ही बाई डेपोत घोषणा कशी करायची? आदल्या संध्याकाळी वेळापत्रक घरी आणायची. लग्नाआधी माहेरी कुणीतरी वाचून दाखवायचं; आता सकाळी दादा दाढी करता करता ते मोठ्याने वाचायचा आणि ही भांडी घासता घासता ऐकायची. एकदा ऐकलं की पाठ, चालीसकट. डेपोत कागद समोर धरायची तो निव्वळ शोभेला. लोक म्हणायचे, बाई काय सफाईने वाचतात.

घोटाळा झाला तो दादाच्या जिभेमुळे. तिला लगाम नाही. एका सकाळी त्याने गालाला साबण फासत वाचलं, "खाणीकडे जाणारी गाडी, तिसरा फलाट," आणि त्याच सुरात पुढे जोडलं, "जी आजवर कधी वेळेवर सुटली नाही आणि पुढेही सुटणार नाही." नळाच्या आवाजात वहिनीच्या कानात सगळं एकाच चालीत बसलं. दुपारी तिने ते तितक्याच गोड आवाजात अख्ख्या डेपोला ऐकवलं. फलाटावर टाळ्या पडल्या. ड्रायव्हर हातातला चहा टाकून पळाला आणि खाणीची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली.

डेपोच्या साहेबांना मात्र हसू आलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर नवी पद्धत येऊन बसली होती. गाड्यांचे बदल आता कागदावर येणार नव्हते, घोषणेच्या खोलीतल्या पडद्यावर ऐन वेळी उमटणार होते. जो ते वाचेल तोच माईकवर बसेल. "शनिवारी माझ्यासमोर वाचून दाखवा," ते वहिनीला म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारपासून तुम्ही सामानघरात. पगार तोच राहील."

दादा म्हणाला, पगार तोच आहे तर बिघडलं काय. त्या दिवशी जेवणभर वहिनी त्याच्याशी बोलली नाही. नंतर ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "वन्सं, माईकवर असले की मी कुणीतरी असते. सामानघरात मी पुन्हा ढच." आमच्या घरात सगळ्यांत मोकळं हसणारी बाई ती, आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आता माझ्याबद्दल सांगते. मी छापखान्यात संगणकावर मजकूर लावते. दोन्ही कडा सरळ, शब्द ठासून भरलेले, पानावर बोटभर जागा वाया नाही. असं पान शहरात दुसरं कुणी लावून दाखवावं. आपल्या कामाचा गर्व मी लपवत नाही, लपवून तो काही कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीला छापखान्यात नेलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि माझं सर्वांत देखणं पान पडद्यावर उघडलं. म्हटलं, "वाच."

तिने पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "वन्सं, ही तर भिंत आहे. दार कुठे आहे?"

मला राग आला. पण हिला शनिवारी वाचायचं होतं, तेव्हा राग गिळला आणि पडद्याच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे 'वाचनसाहाय्य' असा एक भाग होता. इतकी वर्षं मी त्याला ओलांडून जात होते. उघडला तर त्यात एक शब्द होता, डिसलेक्सिया, आणि खाली खुलासा होता: बुद्धी उत्तम असूनही अक्षरं आणि ओळी ओळखताना ज्यांना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी. मी तो मोठ्याने वाचला. वहिनीने मला पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे याला नाव आहे?"

"आहे."

"आणि ते ढ नाही?"

"नाही गं."

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "चला, पुढचं बटण दाबा."

अक्षर मोठं केलं, तिला बरं वाटलं. हौसेने आणखी मोठं केलं, तर ओळीत जेमतेम दोन शब्द मावायला लागले आणि ती पुन्हा हरवली. मागे आलो. पांढरा पडदा डोळ्यांत खुपतो म्हणाली, तो फिकट पिवळसर केला. ओळींमध्ये जागा सोडली. माझी लाडकी उजवी कड सैल सोडताना हात अडखळला, पण ती सरळ ठेवण्यासाठी शब्दांमध्ये जी कमीजास्त फट पडते तिथेच वहिनी ठेचकाळत होती. एक पट्टी सापडली, चालू ओळ उजळ ठेवणारी आणि बाकीच्या मंद करणारी. ती दिसताच वहिनी म्हणाली, "ही हवीच. हिच्याशिवाय मी घरी येणार नाही."

खरं भांडण जुंपलं ते शिरोरेषेवरून. तिला अक्षरं एकमेकांपासून जरा लांब हवी होती. पण मराठी अक्षरं तशी ताणली की वरची रेघ तुटते. असं पान छापलं तर आमचा मालक मला दारात उभं करणार नाही.

"रेघ तुटतेय, वहिनी. अक्षरांच्या डोक्यावरचं छप्पर उडालंय."

"उडू द्या. मी छप्पर नाही वाचत, आतली माणसं वाचते."

केसाएवढ्या फटीवर तडजोड झाली. मग तिने बोट पट्टीखाली धरून, थांबत थांबत, एका चांभाराची जाहिरात वाचली: जुने जोडे दुरुस्त करून मिळतील, नवे वाटल्यास आमचा दोष नाही. आणि ती हसली. छापलेला विनोद कुणी न सांगता तिला पहिल्यांदाच कळला होता.

शनिवारी मी तिच्याबरोबर डेपोत गेले. पडदा सांभाळणारा माणूस म्हणाला, सेटिंगला हात लावायचा नाही, ते सगळ्यांसाठी एकच आहे. मी विचारलं, "कुणी ठरवलं?" तो म्हणाला, "आलं तसंच आहे." म्हणजे कुणीच ठरवलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि त्याचा चहा निवायच्या आत पडदा वहिनीसारखा करून टाकला. साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "हे मलाही नीट दिसतंय." पडदा सांभाळणाऱ्याला टोमणा मारायचा मोह मी आवरला. मला ते फार जड गेलं.

वहिनी माईकसमोर बसली. 'धरणाकडे' या शब्दाआधीच अडली, भोंग्यातून नुसता श्वास ऐकू गेला. मग बोट पट्टीवर टेकवलं आणि वाचलं. नेहमीपेक्षा सावकाश, पण वाचलं. साहेबांनी मान हलवली. "ही रोजची गाडी आहे, पाठ असेल. बदल येऊ द्या." आम्ही थांबलो. वहिनीच्या मानेवर घाम आला होता.

पडद्यावर नवी ओळ उमटली.

"काय आलंय?" साहेबांनी विचारलं. वहिनीने हात वर करून त्यांना गप्प केलं. "थांबा, वाचते." आणि माईकमध्ये म्हणाली, "कृपया लक्ष द्या. गिरणीकडे जाणारी गाडी आज पहिल्या फलाटाऐवजी चौथ्या फलाटावरून सुटेल."

खिडकीतून पहिला फलाट दिसत होता. तिथली माणसं उठली, पिशव्या उचलल्या, पोरं कडेवर घेतली आणि चौथ्या फलाटाकडे चालू लागली. वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"वन्सं, त्यांना कुणी सांगितलं?"

"तू सांगितलंस."

"आणि मला?"

"कुणीच नाही. तू वाचलंस."

ती रडायला लागली आणि तिला बघून मीही. साहेब घाईघाईने उठले.

"बाई, आधी तो माईक बंद करा, सगळं बाहेर ऐकू जातंय. सोमवारपासून रोज तुम्हालाच सांभाळायचाय तो."