कोरडी फेक

किनाऱ्यावर एक काका मासेमारीच्या नव्या काठीने समुद्राकडे पाठ करून कोरड्या वाळूत दोरा फेकत होते. गळ नव्हता, दोऱ्याला नुसतं शिसं बांधलेलं. मी विचारलंच.

"खांदा दुखावल्यापासून फेक लाटांच्या अलीकडेच पडते," ते म्हणाले. "म्हणून ही लांब, हलकी काठी घेतली. रीळही काठोकाठ भरलंय, दोरा अडत नाही. आधी पल्ला बघतो."

शिसं खरंच दूर गेलं. काठी शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, देऊन काका ते बघायला निघाले. मासा कधी कधी पायाशीही असतो. मग माणसाला लांबचंच पाणी का खुणावतं, कोण जाणे!

तिकडे काकांनी शिसं उचलून हात हलवला. काकू रीळ फिरवू लागल्या आणि दोऱ्याचं टोक धरून काका परत येऊ लागले.

"सावकाश या," काकू म्हणाल्या, "मी गुंडाळतेय."