तुझी इच्छा, अक्का

मला आमच्या घरात कोणी कारस्थानी म्हणणार नाही. कारस्थानाला डोकं लागतं, असं बायकोचं मत आहे. तरी गेल्या हिवाळ्यात मी एक कारस्थान केलं. आता ते मी केलं की माझ्यावर झालं, हे अजून मला नीट कळलेलं नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, चोपड्याला एकटी राहते. भावजी गेल्यापासून केळीचं शेत धाकटा दीर बघतो आणि अक्का त्या दिराला बघते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला जळगावला आमच्याकडे आणलं, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की आता परत पाठवायचं नाही. पण अक्काला समोरून काही सांगायची आमच्यात कोणाची छाती नाही. म्हणून मी कादंबरीच्या आडून जायचं ठरवलं.

डोळ्यात थेंब टाकून झाले की रोज दुपारी मी तिला एक जुनी, जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचो. निवड अर्थात मुद्दामच होती. त्या कादंबरीत एक एकटी काकू आहे आणि तिला मायेने आपल्या घरी नेणारा पुतण्या आहे. कॉलेजात वाचली तेव्हापासून हा पुतण्या माझा आदर्श. तो कधी आवाज चढवत नाही, हट्ट धरत नाही, सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणतो, काकू, तुमची इच्छा. की काकू विरघळलीच. अक्काचंही तसंच होईल, असा माझा हिशोब.

काकूने घराची किल्ली पुतण्याच्या हातात दिली, त्या दुपारी मी आवाज जरा जड केला. अक्का डोळे मिटून पडली होती. तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "हा पोऱ्या लई डेंजर शे."

मी पुतण्याचं वकीलपत्र घेतलं. त्याला घराचा लोभ नाही, त्याची माया खरी आहे, लेखकानेच तसं लिहिलंय, वगैरे.

"तेच तर," अक्का म्हणाली. "लबाड राहता तर तिने दार लावलं असतं. मायेच्या माणसाला दार कसं लावणार, भाऊ?"

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी विषय बदलायचा म्हणून अक्काला विचारलं, आता उन्हाळ्यापर्यंत इथेच राहतेस ना? आणि सवयीने पुढे म्हणून गेलो, "अर्थात, तुझी इच्छा, अक्का." तिने बऱ्या डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हे वाक्य मी आयुष्यभर किती जणांना ऐकवलंय ते मला एकदम आठवायला लागलं. बायकोला तर लग्नाआधीपासून.

मग मी धुळ्याच्या धाकट्या भावाला हाताशी धरलं. रविवारी अक्काच्या शेतात भरीत पार्टी करायची आणि तिथे विषय काढायचा. आमच्या खानदेशात अवघड बोलणी भरितावरच उरकतात. गरम भरीत आणि पुरी पोटात गेली की माणसाला नाही म्हणवत नाही. चूक एवढीच झाली की आमच्यात भरीत अक्का करते, हे दोघंही विसरलो. म्हणजे खाणारे आम्ही होतो.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली गेली. अक्काने मला ठेचायला बसवलं, धाकट्याला कांद्याची पात चिरायला. जेवताना तिनेच विषय काढला. म्हणाली, "मी म्हातारी. तुम्ही बठ्ठा जण जिथे म्हणशाल तिथे राहीन. तुमची इच्छा."

धाकटा पहिल्याच घासाला फुटला. म्हणाला, अक्का इथेच शोभते. आणि मी, तोंडात पुरी असताना, माझाच आवाज ऐकला, "अक्का, तू इथेच राहा."

तिने माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

कादंबरी तिने पिशवीत घालून सोबत आणली होती, ती तिच्याकडेच राहिली. शेवट बाकी आहे, येऊन वाचून दाखव म्हणाली. त्यामुळे आता मी अधूनमधून रविवारी एसटीने चोपड्याला जातो. अक्काने मला कसं गुंडाळलं, हा किस्सा मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो, लोक हसतात.

पण मागच्या खेपेला निघताना ती फाटकापर्यंत आली. पिशवीत केळी घातली, मग उगाच ती काढून पुन्हा नीट लावली. पुढच्या रविवारी येतोस का, असं विचारता विचारता थांबली आणि फाटकाची कडी धरून उभी राहिली. गाडीत बसल्यावर माझ्या मनात आलं, शेतातलं तिचं ते "तुमची इच्छा" खरंच तसंच असेल तर? आम्ही म्हणू तिथे ती खरंच आली असती तर? मी पुतण्या होऊन पाहिलं, भरीत पार्टी करून पाहिली, पण "अक्का, चल माझ्याकडे," एवढं सरळ एकदाही म्हणालो नव्हतो.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, मग आता म्हणा. येत्या रविवारी म्हणणार आहे. फक्त ती हो म्हणाली, तर ते तिच्या मनाने की माझ्यावरच्या मायेने, हे मला कोण सांगणार?