नातीचं चर्चचं शिबिर

गेल्या उन्हाळ्यात नातीने चर्चच्या आठ दिवसांच्या शिबिराला जायचा हट्ट धरला. मुलाने निर्णय माझ्यावर टाकला. शेजारी कुंपणावरून ओरडला, "काका, पोरगी बाटवून पाठवतील!"

"आठ दिवसांत पळून जाईल एवढा कच्चा माझा देव न्हाय," मी म्हणालो. "पण आधी डोळ्यांनी बघणार."

पहिल्या दिवशी नातीला घेऊन गेलो आणि दारातच खुर्ची टाकून बसलो. सिस्टर म्हणाल्या, ज्याने त्याने आपल्या देवाचं नाव घ्यावं. नातीने खणखणीत आवाजात एकवीरा आईचं घेतलं. माझं निम्मं काम तिथेच झालं.

मग मुलं लाकडी चौकटींवर सूत विणायला बसली. धागे तुटत होते आणि सिस्टर जाडजूड गाठी मारत होत्या. चाळीस वर्षं लूम चालवलेल्या माणसाला ते बघवेना. उठलो आणि आमची कारखान्यातली बारीक गाठ मारून दाखवली. किती ओढली तरी सुटेना.

"आजोबा, उद्या याल?" सिस्टरनी विचारलं.

मी दुसरी नापास. पण आठही दिवस मुलांनी मला सर म्हटलं.

यंदा शेजाऱ्याच्या दोन्ही मुली शिबिराला आमच्याच रिक्षात बसल्या. तो हळूच म्हणाला, "काका, यांना पण ती गाठ शिकवा हां."