खोडलेल्या ओळी

कल्पना करा, तुम्ही सात वर्षांचे आहात. हातात बोटभर पेन्सिल, समोर कोरा कागद, फळ्यावर विषय: ‘माझे घर’. पाऊण तासात पाच ओळी लिहायच्या. काय लिहाल?

दुसरीतल्या त्या मुलीनं दोनच लिहिल्या होत्या. ‘माझे घर सुंदर आहे. मला घर आवडते.’ त्याखाली खोडरबर असा घासला होता की कागदाला भोक पडायचंच बाकी होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं त्या दुसरीला शिकवत होत्या, पण ही मुलगी त्यांना उमगत नव्हती. वर्गात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, तोंड म्हणून मिटायचं नाही. लिहायला बसली की मात्र आवाज बंद.

“शुक्रवारी नापासांची यादी पक्की करायची आहे,” मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. “पाच ओळी आल्या नाहीत, तर ती पुन्हा दुसरीतच बसेल.”

“अहो मॅडम, तिला बोलताना ऐका तरी एकदा!”

“बोलण्याला मार्क असते तर एव्हाना कॉलेजात गेली असती. मला कागदावर दाखवा.”

गुरुवारी दुपारी बाई खिडकीशी वह्या तपासत होत्या. रेडिओची वही हातात तिरकी झाली आणि खोडलेल्या जागी उन्हात बारीक चऱ्या दिसल्या. पोरगी पेन्सिल दाबून लिहायची, त्यामुळे अक्षरं पुसली गेली तरी खाचा राहिल्या होत्या. बाईंनी मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. करड्या रंगात पांढरी अक्षरं वर आली.

‘आमच्या दाराची कडी तुटली. बाबा रात्री दाराला खुर्ची लावतात. खुर्ची हलकी आहे म्हणून मी तिच्यावर बसते. मग घर बंद होते. मला झोप आली की बाबा मला उचलतात आणि डबा ठेवतात.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग रेडिओला बोलावलं.

“हे का गं खोडलंस?”

“ते खरं होतं ना, बाई.”

“मग?”

“निबंधात चांगलं लिहायचं असतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

रेडिओनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं बाईंच्याच वळणदार अक्षरातला नमुन्याचा तक्ता होता: ‘माझे घर सुंदर आहे. घरासमोर बाग आहे. बागेत फुले आहेत.’

बाईंनी तिच्याकडून खोडरबर मागून घेतला. “आता खरं तेच लिही. चुकलं तर एक रेघ मार आणि पुढं जा.”

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी कागद चष्म्याजवळ नेला. सात ओळी, तीन ठिकाणी रेघा. शेवटच्या ओळीला त्या थबकल्या. “डबा कसला हो?”

“तिच्या वजनाऐवजी. पिठाचा असेल.”

मुख्याध्यापिका हसल्या आणि त्यांनी यादीतलं तिचं नाव खोडलं.

शाळा सुटल्यावर बाईंनी तक्ता उतरवला. मागे भिंतीचा चौकोन कोरा, उजळ राहिला होता. गुंडाळी करताना त्या मध्येच थांबल्या. तक्ता लिहिला तेव्हा त्या भाड्याच्या एका खोलीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. समोर जिना होता, जिन्यात सायकली.

मग ते बाग असलेलं घर कुणाचं होतं?