बाळंतिणीची मुशी

रेडमंडच्या आमच्या मराठी मंडळात शशिकांत तुळसकरांइतका मासे खाणारा माणूस नाही, आणि मासे पकडण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका निरक्षरही नाही. वेंगुर्ल्याच्या त्यांच्या घरी मासळी दारावर यायची. मासेवाली टोपली उतरवायची, आई घासाघीस करायची, आणि शशिकांतरावांवर फक्त पानावर बसण्याची जबाबदारी असायची. पुढे अमेरिकेत आले, विमानाच्या कारखान्यात पंखांचे सांधे तपासण्यात उभी हयात गेली. समुद्र म्हणजे ताटाच्या मागच्या बाजूला कुठेतरी असतो, एवढंच त्यांना माहीत.

त्यामुळे बहात्तराव्या वर्षी या गृहस्थांनी मासेमारीचा परवाना काढला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले आणि शार्क धरायला वेस्टपोर्टला जाणार असं जाहीर केलं, तेव्हा मंडळात खळबळ उडाली. सुमंत म्हणाला, काकांना रिटायरमेंट चढली. नीनाने काळजीने त्यांना योगवर्गाची लिंक पाठवली. गणपतीच्या मीटिंगमध्ये मखराचा विषय बाजूला राहिला आणि शशिकांतरावांना कोण खाणार यावर चर्चा झाली.

खरं कारण असं होतं की त्यांची मुलगी चारुता बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, तीन किलोची, आणि मायलेकी ऑलिंपियाला, दीड तासाच्या अंतरावर होत्या. आणि आमच्या कोकणात बाळंतिणीला मुशी देतात. दूध भरपूर येतं म्हणतात. मुशी म्हणजे शार्कच. पण शार्क म्हटलं की दात डोळ्यांपुढे येतात आणि मुशी म्हटलं की कांदा-खोबऱ्याचं वाटण. प्राणी एकच, कुणी कुणाला खायचं, एवढाच मतभेद.

उल्काकाकू असत्या तर ही वेळच आली नसती. त्यांनी मुलीच्या स्वयंपाकघरात तळ ठोकला असता आणि नवऱ्याला दिवसातून चार वेळा काहीतरी आणायला पिटाळलं असतं. पण काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. बाळंतपणाला पुण्याहून चारुताच्या सासूबाई आल्या होत्या, सुमेधाताई. बाई लाखात एक. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची धुरी, सगळं वेळच्या वेळी. फक्त इतक्या कडक शाकाहारी की अंड्याचा उल्लेखसुद्धा ‘ते’ असा करायच्या.

शशिकांतराव तिथे दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांना सोफ्यावर बसवण्यात आलं. चारुता खोलीत, जावई अथर्व कपड्यांच्या घड्या घालतोय, सुमेधाताई गॅसपाशी. ज्याला त्याला काम होतं. शशिकांतरावांना दर अर्ध्या तासाने चहा घेणार का असं विचारण्यात येत होतं, आणि ते नको म्हणत होते. तिसऱ्यांदा नको म्हणून झालं की ते उठायचे. सोफ्यालाही बरं वाटत असावं. घरी येऊन मला म्हणाले, “आजोबाला तिथे काही पोर्टफोलिओच नाही.”

मुशी हा त्यांचा पोर्टफोलिओ होता. लेकीच्या घरी नुसतं जाऊन बसणं त्यांना जमत नव्हतं. जायला कारण लागत होतं, आणि ते कारण त्यांना सापडलं होतं. देशी दुकानात मुशी नव्हती. मोठ्या सुपरमार्केटातल्या मासे विकणाऱ्या माणसाने शार्क ठेवत नाही म्हणून सांगितलं, आणि वर यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग उरला समुद्र.

वेस्टपोर्टचा समुद्र हा आपल्याकडच्या समुद्रासारखा पाय भिजवायला बोलावणारा समुद्र नाही. जूनमध्येही त्यात हात घातला तर हात आपलाच आहे का याची खात्री करून घ्यावी लागते. आकाश राखाडी, पाणी राखाडी, मधली रेघही राखाडी. त्यात डग नावाचा दाढीवाला कप्तान हौशी लोकांना शार्क धरायला घेऊन जातो. बोटीवरच्या बाकीच्यांना माणसाएवढा निळा शार्क हवा होता, शेजारी फोटो काढून सोडून देण्यासाठी. शशिकांतरावांना हवी होती हातभर लांबीची. डगने विचारलं, म्हणजे डॉगफिश? ते तर आम्ही शिव्या देऊन गळावरून झटकतो. शशिकांतराव म्हणाले, तेच द्या.

दुपारपर्यंत बाकीच्यांना काही लागलं नाही. ते आपसात थट्टामस्करी करत बिअर पीत होते. शशिकांतराव नाकाचं पाणी पुसत बोटीच्या मागच्या टोकाला एकटे उभे होते. त्यांच्याशी बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, आणि त्यांच्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते वाटणाबद्दल होतं. मग एकदम गळ ओढला गेला. काठी वाकली, रीळ किंचाळलं. शशिकांतरावांनी जन्मात पहिल्यांदा एका माशाशी तो जिवंत असताना व्यवहार केला. डगने जाळं खाली धरलं, आणि जाळ्यात आली मुशी. राखाडी अंग, पांढरे ठिपके, हिरवे डोळे, पाठीवर दोन काटे. अगदी हातभर. शशिकांतरावांनी तिला सवयीने बाजारातल्यासारखं न्याहाळलं आणि मान हलवली. कोवळी होती.

डग म्हणाला, ठेवायची की सोडायची, लवकर सांगा. किनारा दिसत होता, फोनला रेंज होती. शशिकांतरावांनी एक मिनिट म्हणून हात वर केला आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

चारुताच्या खांद्यावर बाळ होतं, डोळ्यांत झोप होती. वडिलांनी कॅमेरा जाळ्याकडे वळवला.

“बाबा, दॅट्स अ शार्क.”

“मुशी आहे. तुझ्यासाठी. तू झालीस तेव्हा तुझ्या आईने महिनाभर खाल्ली होती.”

“बाबा, शार्क नाही चालत मला. डॉक्टरने सांगितलंय. मर्क्युरी असतं त्यात, दुधातून बाळाला जातं.”

बोटीवरचे सगळे आता गप्प होऊन एक मराठी संभाषण ऐकत होते. जाळ्यात मुशी शेपूट आपटत होती.

“थोडीशीसुद्धा नाही?”

“नाही, बाबा.”

“मग मी काय आणू?”

“काही नको आणू. जस्ट ये ना, संडेला.”

बाळ रडलं आणि फोन बंद झाला. शशिकांतरावांनी डगला सोड म्हणून खूण केली. डगने जाळं उलटं केलं. मुशी पाण्यात पडली आणि एका क्षणात राखाडीत राखाडी मिसळून गेली. मागून एकाने, चांगला मासा होता असं म्हणून त्यांच्या पाठीवर थोपटलं.

आता इथे आपल्या लोकांचं व्याकरण समजून घ्यायला हवं. आपल्यात पहिलं ‘या’ हे सभ्यतेचं असतं. त्यावर समोरच्याने नको नको, कशाला, तुमची धावपळ, असं म्हणायचं. दुसरं ‘या’ आलं तर ते मनापासून. तिसऱ्याला दंड धरून ओढतात. आणि ‘काही आणू नका’ हे तर आपण पावणेदोनशे माणसांच्या लग्नपत्रिकेतही छापतो. शशिकांतराव या शाळेतले. चारुता वाढली सिएटलला. तिथे माणूस एक गोष्ट एकदा सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. इतकी वर्षं बापलेकीत उल्काकाकू दुभाष्याचं काम करत. फोन ठेवला की म्हणायच्या, “अहो, ती खरंच बोलावतेय, शर्ट बदला.” शर्ट बदलला जायचा.

तर रविवारी शशिकांतरावांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन समोर ठेवून दुसऱ्या ‘या’ची वाट पाहत बसले. दहा वाजता वाटलं, बाळाची अंघोळ चालू असेल. बाराला वाटलं, जेवत असतील, जेवणाच्या वेळी टपकणं बरं नाही. दोनला वाटलं, सगळे झोपले असतील. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्यांनी सकाळचा भात दह्याशी खाल्ला, इस्त्रीच्या शर्टावर सांडू नये म्हणून टॉवेल बांधून.

पाचला फोन आला.

“बाबा, तू आला नाहीस.”

“तू एकदाच म्हणालीस.”

“व्हॉट डू यू मीन, एकदाच? किती वेळा म्हणायचं?”

माणूस इंजिनियर. प्रश्नाला उत्तर द्यायची सवय. म्हणाले, “निदान दोनदा.”

चारुता हसली नाही. “मला वाटलं मी मासा नको म्हटलं म्हणून तू रागावलास. अथर्वच्या आईंनी तुझ्यासाठी वालाची उसळ केली होती. मी दुपारभर दाराकडे बघत होते, बाबा. मी चार तासांच्या वर सलग झोपलेले नाहीये, किती दिवस झाले मलाच आठवत नाही, आणि तू तिथे बसून काउंट करतोयस?”

शशिकांतराव म्हणाले, “मी येऊन करणार काय पण?”

“तिला धर. दुसरं काही नको. उद्या ये.” आणि मग ती रडक्या आवाजात म्हणाली, “उद्या ये, उद्या ये. झालं?”

सोमवारी शशिकांतराव ऑलिंपियाला गेले. हातात काही नव्हतं, त्यामुळे दारात उभं राहून हातांचं काय करावं हा प्रश्न त्यांना पडला, पण तो फार वेळ टिकला नाही. चारुताने दार उघडलं, बाळ त्यांच्या हातात दिलं, डोकं असं धर म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. सुमेधाताईंनी अर्ध्या वाक्यात क्षमा मागितली आणि त्याही आपल्या खोलीत गेल्या. अथर्व ऑफिसला होता.

अख्खं घर झोपलं. मशीनमध्ये कपडे फिरत होते, तेही थांबले. शशिकांतराव सोफ्यावर ताठ बसले होते. चहा विचारायलासुद्धा कुणी नव्हतं. त्यांचा डावा पाय आधी बधिर झाला, मग मुंग्या आल्या, मग तो पाय आहे हेच कळेना. त्यांनी तो हलवला नाही. बाळाने एकदा डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. तिला आपल्या आजीबद्दल काहीतरी सांगावं असं त्यांना वाटलं, वेंगुर्ल्याच्या बोलीत, जी या घरात आता दुसऱ्या कुणाला कळत नाही. पण कुणी जागं होईल म्हणून ते गप्प बसले, आणि तिचं डोकं कोपराच्या खळग्यात थोडं वर सरकवून घेतलं.