मनगटावरचा विंचू

साठी उलटल्यावर लेखणी उचलून वाचकांचा वेळ घ्यावा, याबद्दल आधीच क्षमा मागते. ब्राह्मणपुरीजवळच्या आमच्या गावी मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचे एक पान कोणाला दाखवण्याची छाती मात्र कधी झाली नाही.

निवृत्तीनंतर भयकथा लिहिणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप समूहात मी दाखल झाले आणि बरेच दिवस नुसती वाचत राहिले. मग त्यांनी स्पर्धा जाहीर केली. मी एका डाकिणीची कथा लिहिली. डाकीण डोळ्यांसमोर उभी राहीना, म्हणून आमच्या गल्लीत तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीचे हात तिला दिले: मनगटावर गोंदलेला विंचू, तेलाने चकाकणारी बोटे. वाचणारे पुण्या-मुंबईचे, असे मी धरून चालले होते.

कथेला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी हातांचे वर्णन विशेष वाखाणले. समूहातल्या एकाने ती संगीतासह वाचून ध्वनिमुद्रित केली, आणि फिरत फिरत ती माझ्या नावासकट आमच्याच गल्लीत आली.

एका दुपारी म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

“मास्तरीनबाई, मन्हा हातवरला इच्चू तुम्हनी गोष्टमा काबरं टाका?” तिने मनगट पुढे केले. “मी डाकीन ऱ्हाती तं पह्यले मन्हा जवाईलेच खाती ना!”

ती हसली. मीही हसणार, तोच ती हळूच म्हणाली, “तीन दिन व्हयनात. समोरना घरमा माले कोनी बलावत नही.”

समोरच्या घरात दहा दिवसांचे बाळ होते. ‘डाकीण’ या एका शब्दापायी गाव सोडावे लागलेली बाई मी पाहिलेली आहे. तरी तो शब्द मी हौसेने कथेत घातला होता.

मी तिला घेऊन तडक समोर गेले. बाळाची आई माझीच विद्यार्थिनी. “अगं, ती कथा मी रचली आहे. त्यातले काहीही घडलेले नाही,” मी म्हणाले.

तिने बाळ पदराखाली ओढले. म्हातारीकडे न पाहता ती म्हणाली, “बाई, तुम्हीच तं वर्गमा सांगेत, जे दखं तेच लिखा. मंग हाई बी तुम्ही दखंच व्हई.”

‘जे पाहिले तेच लिहा’ हे वाक्य तिच्या वहीतही मीच लाल शाईने लिहिले असणार.

घरी येऊन मी समूहावर सारे कळवले, कथा काढून टाका आणि बक्षीस परत घ्या, अशी विनंती केली. उत्तर लगेच आले: “ताई, भयकथेला याहून मोठी दाद कोणती? आता याचाच दुसरा भाग लिहा!” त्याखाली टाळ्यांच्या खुणांची रांग लागली. म्हातारीचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. ध्वनिमुद्रण नंतर त्यांनी काढले; पण गावातल्या फोनांतून ते कोण काढणार?

म्हातारी आता ओट्यावर येत नाही. तिचे दार दिवसाही लावलेले असते.

येत्या बाजाराच्या दिवशी तिचा हात धरून मी चौकात उभी राहणार आहे आणि सर्वांदेखत सांगणार आहे की, मी खोटे लिहिले. मुलांखेरीज कोणासमोर मी आजवर बोललेले नाही. लोक माझे ऐकतील का?