जोडवाली

नववीत आमच्या मराठीच्या बाईंनी कादंबरी शिकवायची सोडून ती आमच्याच गळ्यात मारली. चौघीचौघींचे गट केले आणि प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली. एकीनं प्रश्न काढायचे, एकीनं अडलेले शब्द शोधायचे, एकीनं प्रसंगाचं चित्र काढायचं आणि चौथीनं पुस्तकातलं काहीतरी आपल्या आयुष्याशी जोडून दाखवायचं. आम्ही इंदूरच्या मुली, लगेच हिंदी वळणाची नावं पाडली: प्रश्नवाली, शब्दवाली, चित्रवाली, जोडवाली.

मी प्रश्नवाली. वर्गाची मॉनिटरही मीच, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांची नावं वहीत लिहायचं काम माझ्याकडे. तीनदा नाव आलं की मोठ्या बाई वडिलांना शाळेत बोलावत. त्या वर्षी आमच्या सुदामा नगरात गच्चीगच्चीवर टीव्हीच्या डिश उगवत होत्या, आणि बाबांनी मला सेलवरचं घड्याळ घेऊन दिलं होतं. ते मनगटावर आल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते.

आमची जोडवाली मिलच्या मागच्या चाळीत राहायची. मान खाली घालून बसणारी मुलगी. तिच्या वडिलांची मिल बंद होऊन काही महिने झाले होते. पूर्वी ती कधी उशिरा येत नसे, हल्ली येऊ लागली होती. त्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा आली.

"बाबांना नको ना बोलवू यार, प्लीज," ती कळवळून म्हणाली. "ते आजकल घरातून निकलतच नाहीत. त्यांना खूप लागेल."

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून मी तिचं नाव लिहिलं. वर अक्षरही छान काढलं. वही मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंकडे जायची होती.

त्याआधी मराठीचा तास होता. कादंबरी एका खेड्याची होती. देवळात रोज पहाटे घंटा वाजवणारा म्हातारा वारतो, एवढं एका ओळीत सांगून लेखक नायकाच्या लग्नाकडे वळतो. माझे सगळे प्रश्न अर्थातच लग्नाबद्दल होते. मग जोडवालीची पाळी आली.

"घंटा बंद झाली तर गाव उशिरा उठलं असेल ना?" पुस्तकावरची नजर न काढता ती म्हणाली. "सगळ्यांना लेट झालं असेल. डांट पडली असेल. ते लेखकानं लिहिलंच नाही."

"म्हणजे?" शब्दवालीनं विचारलं.

"आमच्या घरी घड्याळच नाही. जरूरतच नव्हती. मिलचा पहिला भोंगा झाला की आई उठायची, दुसरा झाला की मी निघायची. आता बस अंदाजानं निघते."

"मग घड्याळ घ्या ना एक," चित्रवाली म्हणाली.

"आई पण तेच म्हणते. बाबा म्हणतात, भोंगा वापस वाजणार आहे, घड्याळ कशाला?"

ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं, पानभर प्रश्न काढले होते, आणि ती ओळ मला दिसलीच नव्हती. हिनं त्या एका ओळीत अख्खं गाव झोपलेलं पाहिलं. लेखकालाही जे दिसलं नाही ते पाहिलं! पुढे कॉलेजात भले भले विद्वान ऐकले, पण इतकं थक्क मला कुणी केलं नाही. वाचणं म्हणतात ते हे, आणि आपल्याला ते येत नाही, हे मला त्या बाकावर कळलं. नावांची वही तिथेच माझ्या कोपराखाली होती.

सुट्टीत मी तिचं नाव खोडलं. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा "चुकून लिहिलं" म्हणाले. वहीत खाडाखोड केली म्हणून मॉनिटरपद गेलं. त्याचं फारसं काही वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

शाळा कृष्णपुऱ्याजवळ होती आणि तिची चाळ पार पलीकडे. दुसऱ्या दिवशी मी घरून लवकर निघाले, वाट वाकडी करून चाळीत गेले आणि तिच्या दारासमोर सायकलची घंटी वाजवली. दार तिच्या वडिलांनी उघडलं. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, अंगात मिलला जाताना घालायचा खाकी शर्ट. माझ्या घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते ओशाळून हसले.

"भोंगा सुरू होईपर्यंतच हं, बेटा. फिर तुला तकलीफ नाही देणार."

"हो काका," मी म्हटलं. दहावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत मी त्या दारात घंटी वाजवत होते.